बर्मा सागाची जमीन

६ फेब्रुवारी १९८४, सोमवार

एका प्लायवूडवाल्यानं नववर्षाला दिलेली ही डायरी महिनाभर वखारीत पडून होती. मोजमापं सोडून तिच्यात काही लिहिलं नव्हतं. आज लिहायला घेतली, कारण जे मनात आहे ते मालनजवळ बोललो तर संध्याकाळपर्यंत आख्ख्या मालाडला कळेल. बायको चांगली आहे, पण तिच्या पोटात काही राहत नाही.

काम मिळालं. विद्यापीठ आरे कॉलनीच्या कडेला बास्केटबॉलचा इनडोअर हॉल बांधतंय. दोन्ही बाजूंना गॅलरी, काचेचे बोर्ड, खेळाडूंना कपडे बदलायच्या खोल्या, आंघोळीला शॉवर. शॉवरचे नळ परदेशी आहेत, पाणी मात्र अजून आलेलं नाही. त्या हॉलची लाकडी जमीन माझ्याकडे. ज्याला दुसऱ्याच्या दुकानात रंधा मारता मारता मिसरूड फुटली त्याला हे म्हणजे झकासच म्हणायचं.

विद्यापीठाचे इंजिनिअर मार्तंड दीक्षित. त्यांना म्हटलं, "साहेब, नवा साग पावसाळ्यात फुगतो. जुना बर्मा घ्या. पन्नास वर्षं वाळलेला." त्यांनी फळीवर बोटानं टकटक केली, मान हलवली, मंजुरी दिली. फळी कुठली ते त्यांनी विचारलं. जुन्या इमारतीची, म्हटलं. कुठल्या इमारतीची ते विचारलं नाही.

इमारत म्हणजे दादाची गिरणी.

गुणाजीदादा माझा थोरला भाऊ. लालबागच्या त्या गिरणीत वरच्या माळ्यावर, सूत कातायच्या रिंग खात्यात त्याची उमर गेली. मला गावाहून आणून, स्वतःच्या खोलीत ठेवून, धंद्याला लावलं ते त्यानंच. संप झाला, दोन वर्षं झाली, बाकीच्या गिरण्यांचे भोंगे थोडेफार वाजायला लागले, ह्याच्या गिरणीचा वाजलाच नाही. आता माझ्याकडे असतो. वहिनी गावी. तरी दर सोमवारी सकाळी डबा घेऊन गेटवर जातो. चालू होणार म्हणतो.

आणि मालकानं मागच्या दारानं वरच्या माळ्याची जमीन उचकटून भंगारवाल्याला दिली. ती मी उचलली. मी नसती घेतली तर दुसऱ्या कोणी घेतली असती. जमीनच काढली म्हणजे गिरणी संपली, हे दादाला कोण सांगणार? मी तर नाही.

वर आणखी एक शहाणपण केलं. घरी बसून तो वाळत चालला म्हणून त्याला ह्याच कामावर घेतलं. शब्द आधी दिला होता, लाकूड नंतर मिळालं. आता शब्द फिरवू कसा?

९ फेब्रुवारी

आज ट्रक उतरला. दादाला मुद्दाम शॉवरच्या खोल्या बघायला पाठवलं होतं, तो नेमका अर्ध्यात परत आला. त्यानं एका फळीवरून पंजा फिरवला, पंजा नाकाशी नेला.

"खंयची रे?" त्यानं विचारलं.

"कोचीनकडचा जुना बंगला," मी म्हटलं. "इंग्रजाचा. नाचायचा हॉल होता त्यात."

"असां," दादा म्हणाला. "बंगलो मोठो असतलो."

मग मला काय सुचलं कोण जाणे, त्या बंगल्याला मी व्हरांडा जोडला, समोर नारळाची बाग लावली, साहेबाची मडम आणली. दादा सगळं ऐकून घेत होता. मग नळावर गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला. सुटलो. रंगवून सांगितलं की माणसाचा विश्वास बसतो, हे मी धंद्यात शिकलोय.

१६ फेब्रुवारी

फळ्यांना जागोजागी भोकं आहेत. मशीनचे पाय ज्या बोल्टांनी धरले होते त्यांची. मला हे दिसायला हवं होतं. आमचा सुतार धोंडिराम सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "शेठ, बंगल्यात एवढी भोकं कसली? आणि अशी रांगेनं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच म्हणाला, "पलंगाची."

"रांगेनं पलंग?"

"इंग्रज शिस्तीचा, मेल्या. तुझ्यासारखा कुठेही पसरायचा नाही."

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांच्या वर. दादाच्या डोक्यात बंगला पक्का बसलाय. त्यानं ती भोकं बुजवायचं काम स्वतःकडे मागून घेतलं. सागाच्या खुंट्या तासून एकेक बसवतो. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. धोंडिराम मदतीला गेला तर म्हणाला, "तू तिकडे नवीन काम कर. हे माझं असू दे." नाद लागला की माणसाचा वेळ बरा जातो.

२७ फेब्रुवारी, सोमवार

आज दादा गेटवर जाऊन आला. जेवताना मी विचारलं, "काय म्हणतात?"

"म्हणतात, गणपतीपर्यंत एक पाळी सुरू होईल."

"अरे वा!"

"साफसफाई चालू केलीय आत," दादा म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला.

साफसफाई! कोणीतरी काहीतरी हलताना बघितलं असणार आणि तसा अर्थ लावला असणार. मी म्हटलं, "चांगलं लक्षण आहे." तो म्हणाला, "हो ना."

येताना लालबागहून सुके बोंबील घेऊन आला होता. मालन म्हणते, अगदी मढच्या किनाऱ्यावरच्यासारखे आहेत, वाळूसुद्धा तीच. मला आत उतरेनात.

एखाद्या दिवशी सांगून टाकावं असं येतं मनात. पण सांगितलं की उद्यापासून तो हॉलमध्ये पाय ठेवणार नाही, आणि सोमवारचं गेटही गेलं. मग राहिलं काय त्याच्याकडे? माझी चटई? नाही सांगितलं तर रोज सकाळी त्याला त्याच्याच गिरणीवर गुडघे टेकून घासताना बघायचं. दोन्हीकडून दार बंद. बरं, दारांना कड्या माझ्याच.

१४ मार्च

शिमग्याला सगळे गावी पळाले. कोकणातला सुतार शिमग्याला मुंबईत थांबला असं मी अजून ऐकलं नाही. हॉलमध्ये मी आणि दादा, दोघेच. जमीन जवळपास बसून झालीय.

दादा हात पाठीमागे बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो, वळतो, थोडं बाजूला सरकून परत येतो. मध्येच थांबून डावीउजवीकडे काही असल्यासारखं बघतो. सकाळपासून कितीतरी खेपा केल्या. मी विचारलं, "व्यायाम काय?" म्हणाला, "जेवण जिरवतोय." तेव्हा जेवायला अजून अवकाश होता.

दुपारी विद्यापीठाचे बास्केटबॉलचे कोच आले, कॉस्मस सर. मूळचे इथल्याच गावठाणातले, मोठा मोकळा माणूस. चेंडू आपटत सगळा हॉल फिरले.

"जयवंतशेठ, कुठे चेंडू मुका होतो ते ऐकायचं. मुका झाला की खाली पोकळ."

"ऐका," मी म्हटलं. "पण माझा कान तुमच्याआधी ऐकेल."

खरंच दोन जागी त्यांच्याआधी मी हात वर केला. "यार, तुला रेफ्री करतो!" म्हणाले. माझा कान असा आहे. लाकूड काय, माणूस काय, आत काय आहे ते मला आवाजावरून कळतं. ह्या कानावर मी वखार उभी केली.

७ एप्रिल, शनिवार

वाट लागली.

आज सरावाचा सामना होता. एक मेला उद्घाटन, त्याच्या आधी मुलींच्या दोन टीम खेळवून बघायच्या होत्या. गॅलरी पोरांनी भरली. वरचे सगळे दिवे लावले, कबुतरं आत येतात म्हणून दारंखिडक्या लावून घेतल्या. आत भट्टी झाली. गेला महिनाभर दादानं जमीन धुतली, घासली, पॉलिश केली होती. आरशासारखी दिसत होती.

मी खालच्या खुर्चीत बसलो होतो. पोरींच्या बुटांचा चुईंचुईं आवाज येत होता, तो थोड्या वेळानं कमी झाला. सगळ्यांना ओरडा ऐकू येत होता, मला तो चुईंचुईं बंद झालेला ऐकू आला. खाली बघतो तर डाव्या बास्केटपाशी लाकडावर काळपट ओल. सागाच्या पोटातलं तेल गरमीनं वर येत होतं. वर्षानुवर्षं मशीननं पाजलेलं तेल. ह्याचा विचार मी केलाच नव्हता. मी लाकडाचं वय बघितलं, पोट बघितलं नाही.

उठून ओरडणार तोच मॉनिका घसरली. कॉस्मस सरांची सगळ्यात चांगली खेळाडू. मनगट मोडलं. तिला उचलून नेताना तिची आई गॅलरीतून धावत खाली आली आणि तिनं जमिनीला हात लावून तो सगळ्यांना दाखवला. "तेल! कोणी लावलं हे तेल?"

दादा माझ्या मागे उभा होता.

९ एप्रिल, सोमवार

आज समिती बसली. दीक्षित, कॉस्मस सर आणि विद्यापीठाचे आणखी दोघे. मला बोलावलं, पॉलिश दादानं केलं म्हणून दादालाही. आज सोमवार असून तो गेटवर गेला नाही.

दीक्षितांनी विचारलं, "जमिनीवर तेल कुठून आलं?"

मी रात्रभर उत्तर शोधत होतो. लाकडातून आलं म्हटलं की पुढचा प्रश्न, लाकूड कुठलं. आणि दादा शेजारी बसलेला. मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला.

"मी लावलं," दादा म्हणाला. "खोबरेल."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"चकाकी येते ना," तो म्हणाला. "आमच्याकडे देव्हाऱ्याला लावतात. पाहुणे येणार म्हणून लावलं. मला काय ठाऊक, पोरी अशा पळतात."

कॉस्मस सर डोक्याला हात लावून म्हणाले, "काका, हे बास्केटबॉल आहे, आरती नाही!" एकजण हसला. दीक्षित हसले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. ते मी बघितलं.

मला काही समजत नाही. ते तेल मशीनचं होतं. मी हुंगलं, दादानंही हुंगलं असेल. ज्याचा जन्म त्या वासात गेला त्याला तो ओळखता येऊ नये? की खरंच वरून खोबरेल फासलं होतं? वय झालंय. साहेबांच्या समोर घाबरला असेल, तोंडाला आलं ते बोलला असेल. मी त्याच वेळी उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही.

१२ एप्रिल

विद्यापीठाच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो. मागच्या टेबलावर दोन क्लार्क.

"तो खोबरेलवाला कोण रे?"

"काँट्रॅक्टरचा भाऊ. संपवाला."

"म्हणजे तिकडे गिरणी बुडवली, आता इकडे हॉल."

मी उठून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मला ओळखलं नाही. चहा तसाच ठेवून बाहेर आलो. बाहेर दादा पायऱ्यांवर बसला होता, त्याच्यापर्यंतही आवाज गेलाच असणार. "चल," एवढंच म्हणाला.

ह्या एवढ्या चांगल्या कानांचं करायचं काय?

२० एप्रिल, गुड फ्रायडे

विद्यापीठ बंद. कॉस्मस सर चर्चमध्ये. वॉचमनला सांगून मी आणि दादा आत गेलो. एक मे तोंडावर आला, जमीन सुकवायलाच हवी. धुण्याचा सोडा, गरम पाणी, वर लाकडाचा भुसा. भुसा तेल पितो, झाडून टाकायचा, परत नवा पसरायचा. दोघं शेजारी बसून सकाळपासून घासत होतो. दारं लावलेली. आमच्या ब्रशांशिवाय आवाज नव्हता.

मला ते असह्य झालं. "दादा, ही जमीन कुठली ठाऊक आहे तुला?"

"घास," तो म्हणाला.

"दादा, ही बंगल्याची नाही. तुझ्या गिरणीची आहे."

त्याचा हात थांबला नाही. "तू बसलायस ना, त्या फळ्यांवर आमच्या खात्यातल्या बाबीची रिंग होती. गळकी. फिटरला किती सांगितलं, कधी दुरुस्त केली नाही. बघ, सगळ्यात जास्त तेल तिथंच आहे."

मी ब्रश खाली ठेवला. "कधी कळलं?"

"ट्रकातून उतरवली तेव्हा."

"मग बोलला का नाहीस?"

"तू मडम आणलीस, नारळाची बाग आणलीस. इतका घाम काढून सांगत होतास. म्हटलं, सांगू दे."

"आणि गेटवर जायचास ते? गणपतीपर्यंत सुरू होणार, ते?"

"ट्रक आल्यावर पहिले दोनदा गेलो. बाकी मढला जाऊन बसायचो, जेटीवर. तिथं ओळखीचं कोणी भेटत नाही. येताना तुला बातमी काय सांगायची ते ठरवत यायचो." तो पहिल्यांदा हसला. "कठीण काम, मेल्या. दर वेळी नवीन."

"पण कशाला?"

"जायचं बंद केलं असतं तर तुला कळलं असतं, की मला कळलंय. मग तू तोंड चुकवत फिरला असतास. एका घरात राहायचं आपल्याला."

मला रडू येत होतं आणि राग पण. विचारलं, "खोबरेल का म्हणालास?"

"तू गप्प बसलास म्हणून. लाकडाचं नाव निघालं असतं तर तुझी वखार पणाला लागली असती. माझं काय जायचंय?"

"नाव जातंय, दादा. काय काय बोलतात."

"दोन वर्षांत मला कोणी कुठल्याच नावानं हाक मारली नव्हती." त्यानं भुशाची मूठ पसरली. "आता निदान खोबरेलवाला तरी झालो. घास, वाळतंय ते."

मी त्याला शब्द दिला की दीक्षितांना सगळं सांगणार. तो नको म्हणाला. मी म्हटलं, ऐकणार नाही. त्यानं नवा भुसा पसरायला घेतला, पण मला वाटतं त्याला बरं वाटलं.

२४ एप्रिल

दीक्षितांच्या केबिनमध्ये गेलो आणि एका दमात सांगितलं. लाकूड कुठलं, तेल कसलं, दादानं काही लावलं नाही, दोष माझा. त्यांनी उठून दार लावलं.

"जयवंतराव, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं की साहेब, आत्ता."

"नाही सांगितलंत." ते खुर्चीत बसले. "जुन्या लाकडाला मंजुरी कोणाची? माझी. तुमच्या भावानं कबूल केलं, सगळ्यांनी ऐकलं, विषय संपला. म्हातारा माणूस, अडाणीपणानं चुकला, त्याला कोणी फाशी देणार नाही. मुलीच्या आईला मी एकच शब्द दिलाय, की तो माणूस पुन्हा हॉलमध्ये दिसणार नाही. वॉचमनला सांगून ठेवलंय."

"साहेब, पण उन्हाळा वाढला की तेल पुन्हा येणार."

"तेव्हा बघू. सध्या थोडे दिवे कमी लावू." मग एकदम मऊ आवाजात, "गॅलरीच्या बाकांचं काम कोणाला द्यायचं ते ठरायचंय. तुमच्याशिवाय दुसरं नाव माझ्या डोळ्यांसमोर नाही. एक मेला पुढच्या रांगेत बसा."

त्यांचा आवाज ऐकून मला कळलं, हा माणूस माझ्याहून जास्त घाबरलाय. घाबरलेल्या माणसाशी सौदा करायला मी कधी चुकत नाही. पण आज सौदा त्यानं केला. "बरं साहेब," असं कोणीतरी म्हणालं. आवाज माझाच होता.

घरी आलो तर दादा दारात उभा.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

हे खरं सांगायचं होतं. वाटेत तसंच ठरवलं होतं. पण तो चेहरा बघितला आणि म्हटलं, "मानलं त्यांनी. दोष लाकडाचा, म्हणाले. तुझं नाव काढून टाकलं."

"खरंच?"

"कॉस्मस सरांनी तर तुझी माफी मागितली."

तेवढं नव्हतं जोडायला पाहिजे. दादा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं झालं. मग एक मेला येतो मी मॅच बघायला."

३० एप्रिल, सोमवार

सहा दिवस काही लिहिलं नाही. काय लिहू? रोज सकाळी ठरवतो, आज सांगतो, गेटवर तुला अडवतील. रोज रात्री न सांगता झोपतो. वॉचमनला बाजूला घेऊन बघितलं, तो म्हणतो, "शेठ, साहेबांनी फोटो असता तर फोटो लावला असता. माझी नोकरी जाईल." दादाला आजारी पाडावं, गावी पाठवावं, मालनला आजारी पाडावं, सगळे विचार येऊन गेले. आज संध्याकाळी दादानं लग्नातला पांढरा शर्ट काढून मालनकडून इस्त्री करून घेतला. मालन म्हणाली, "भावोजी, नवरदेव दिसताय." तो लाजला. मी वखारीत काम आहे म्हणून बाहेर पडलो आणि बाजारात उगाच फिरत बसलो.

१ मे, मंगळवार

सकाळी मी कपडे करत होतो. दादा चटईवर बसून होता. शर्ट खिळ्याला टांगलेला.

"ऊठ ना, उशीर होईल," मी म्हटलं. म्हणताना त्याच्याकडे न बघता बटणं लावत होतो.

"गुडघा धरलाय रे," तो म्हणाला. "गॅलरीच्या पायऱ्या जमायच्या नाहीत. तू जा."

"अरे, पण तुझी किती इच्छा..."

"मॅच काय, पुन्हा होतील. पुढं बसवलंय ना तुला? ताठ बस."

मालन आतून म्हणाली, "काल तर माळ्यावर चढून गाद्या काढल्यात की!" तिला नको तिथं बोलायची सवय आहे. मी म्हटलं, "वय झालं त्याचं, धरतो एखाद्या दिवशी."

गेटवर वॉचमननं मला सलाम ठोकला आणि माझ्या मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. आत पुढच्या रांगेत दीक्षितांच्या शेजारी बसवलं, गळ्यात हार घातला. मी आत येताच दारं लावून घेतली. दिवे अर्धेच होते. मॉनिका हात गळ्यात बांधून आईबरोबर समोर बसली होती. भाषणांत माझं नाव दोनदा आलं, टाळ्या झाल्या. मॅच सुरू झाली. मी सगळा वेळ बुटांचा आवाज ऐकत होतो. चुईंचुईं शेवटपर्यंत चालू राहिलं. जमीन कोरडी राहिली, कोणी घसरलं नाही. मध्ये उठून बाहेर जावंसं वाटलं, पण दोन्हीकडे साहेब, पुढं खेळ, मागं गॅलरी. बसून राहिलो.

एक मात्र नशीब म्हणायचं की दादाचा गुडघा नेमका आजच दुखला. आला असता तर गेटवर काय झालं असतं ह्याचा विचार करवत नाही.

संध्याकाळी घरी आलो तर तो घरी नव्हता. दिवेलागणीला आला. मार्व्याच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेला होता म्हणाला, आणि चालतच परत आला. मी विचारलं, "आणि गुडघा?"

"दुपारनंतर उतरला," म्हणाला. मग पाय धुऊन माझ्यासमोर येऊन बसला. "आता सांग. पहिल्यापासून सांग."